ऑक्सिजन शिल्लक, डायल्यूएंट संपला: एका रिब्रीदर डाइव्हचा हिशोब

सरळ मुद्द्यावर येतो. रिब्रीदर, म्हणजे सोडलेला श्वास परत वापरणारं यंत्र, लावलेला डायव्हर, डाइव्हचं 48 वं मिनिट, खोली 17 मीटर, रीफच्या कडेने खाली उतरतोय, आणि श्वास घेतला तर अर्धाच आला. म्हणजे छाती भरायला लागली आणि मधेच पिशवी चपटी, पुढं काहीच नाही. डावीकडचा, डायल्यूएंट नावाच्या गॅसचा काटा बघितला तर जवळजवळ शून्याला टेकलेला. उजवीकडचा ऑक्सिजनचा काटा मात्र 140 बारवर निवांत. मनगटावरच्या कॉम्प्युटरवर पीओटू (ऑक्सिजनचा आंशिक दाब) जरा चढलेला, पण लाल अलार्म वगैरे काही नाही. त्याने यंत्राचा माउथपीस बंद केला, बाजूला लटकवलेल्या बेलआउट, म्हणजे आणीबाणीच्या, सिलिंडरचं रेग्युलेटर तोंडात घातलं, जोडीदाराला खूण केली आणि दोघं हळूहळू, मधे स्टॉप घेत वर आले. कोणाला काही झालं नाही.

हा डायव्हर म्हणजे माझा भाचा. मूळ भडगावकडचा, गिरणेच्या पाटात पाठीला पत्र्याचा डबा बांधून पोहायला शिकलेला, आता नोकरी आखातात आणि सुट्टी मिळाली की पळतो इजिप्तला, दहाबला, तांबड्या समुद्रात. मी काही पाण्याखाली जाणारा माणूस नाही, विहिरीत सूर मारला तेवढंच. पण जळगावला एमआयडीसीत माझं गॅस सिलिंडरचं काम आहे, ऑक्सिजन, नायट्रोजन, अरगॉन, गिऱ्हाईक म्हणजे वेल्डिंगवाले आणि दवाखाने, त्यामुळे लिटर आणि बार हे रोजचंच. दिवाळीला तो घरी आला तेव्हा डाइव्हचा लॉग मोबाइलमध्येच होता आणि त्याचा एकच हेका, "मामा, लीकच असणार, कुठून असेल ते फक्त तुम्ही सांगा."

आप्पा, म्हणजे माझे वडील, शेंगा फोडत बाजूला बसले होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पन बठ्ठा गॅस गया कथा रे भाऊ?"

प्रकरण खरं तर एवढ्याच प्रश्नाचं आहे, सगळा गॅस गेला कुठं.

आधी सामान समजून घ्या

भाच्याकडं 2 लिटरचे दोन सिलिंडर. 2 लिटर म्हणजे आत 2 लिटर पाणी मावेल एवढं, आमच्या धंद्यात वॉटर कॅपॅसिटी म्हणतात ती. उजवीकडं शुद्ध ऑक्सिजन, त्या दिवशी 180 बार भरलेला. डावीकडं डायल्यूएंट, म्हणजे या डाइव्हला साधी कॉम्प्रेस केलेली हवा, आणि ती 150 बार, कारण आदल्या डाइव्हनंतर टॉपअप केलेला नव्हता. 2 गुणिले 150, 300 लिटर. दवाखान्याच्या जम्बो सिलिंडरपुढं (46.7 लिटर, 150 बारला 7 क्यूब, म्हणजे 7000 लिटर) हे काहीच नाही, पण रिब्रीदरसाठी 300 लिटर पुष्कळ, असं सगळेच सांगतात. का, ते बघू.

साध्या स्कूबात माणूस श्वास घेतो आणि सोडलेला श्वास बुडबुडे होऊन जातो. वर जमिनीवर मिनिटाला 20 लिटर लागत असेल तर 30 मीटरवर, जिथं दाब 4 बार असतो, तिथं सिलिंडरमधून मिनिटाला 80 लिटर जातात. कारण फुप्फुसं तेवढीच, पण तीच जागा भरायला चौपट दाबाची हवा लागते. यातला ऑक्सिजन शरीर वापरतं किती, तर आरामात पोहताना मिनिटाला साधारण 1 लिटर, आणि तो 5 मीटरवर असो नाहीतर 50 मीटरवर, तेवढाच. बाकीचे 79 लिटर फुकट.

रिब्रीदर हे फुकट जाणं थांबवतो. सोडलेला श्वास नळीतून एका डब्यात जातो, त्यात सोडा लाइमचे दाणे असतात, ते कार्बन डायऑक्साइड शोषून घेतात. मग गॅस छातीवरच्या दोन मऊ पिशव्यांत, त्यांना काउंटरलंग म्हणतात, आणि तिथून परत तोंडात. या सगळ्या गोल फिरणाऱ्या जागेला लूप म्हणायचं. शरीराने जेवढा ऑक्सिजन खाल्ला तेवढाच सोलेनॉइड नावाचा विजेवरचा व्हॉल्व्ह टिक टिक करून आत टाकतो, तीन सेन्सर ऑक्सिजनचा आंशिक दाब, म्हणजे पीओटू, मोजत बसलेले असतात. ते सेन्सर बघून मला जरा आपलेपणा वाटला कारण गॅल्व्हॅनिक सेलच आहेत, आमच्या ऑक्सिजन अॅनालायझरमध्ये असतात तसलेच, आणि तसेच वर्ष-दीड वर्षात म्हातारे होणारे.

मग डायल्यूएंट कशाला? नुसता ऑक्सिजन का नाही? तशी मशीनं होती की. हेन्री फ्लूसने 1878 मध्ये इंग्लंडात बनवलेला रिब्रीदर शुद्ध ऑक्सिजनवरच चालायचा, दुसऱ्या महायुद्धात इटालियन नौदलाचे पाणबुडे पण ऑक्सिजनवरच जायचे. पण शुद्ध ऑक्सिजन 6 मीटरवर गेला की पीओटू 1.6 होतो आणि त्याच्यापुढं पाण्याखाली फिट यायची भीती, फिट आली की माउथपीस सुटला आणि माणूस गेला. म्हणून खोल जायचं तर पिशवी फुगलेली ठेवायला दुसरा काहीतरी पातळ गॅस पाहिजे. तोच डायल्यूएंट. म्हणजे लक्षात घ्या, डायल्यूएंट जगवण्यासाठी लागत नाही, जागा भरण्यासाठी लागतो. भाच्याच्या डोक्यात आणि मला वाटतं बऱ्याच नव्या लोकांच्या डोक्यात इथंच गडबड असते, त्यांना वाटतं दोन्ही सिलिंडर सारख्याच हिशोबाने उतरतात.

लीक नव्हतं

लीकचा संशय आधी निकालात काढला. दहाबला दुसऱ्याच दिवशी त्यांनी सिलिंडर भरून, सगळं जोडून, व्हॉल्व्ह उघडून परत बंद केला आणि काटा बघत बसले. आमच्याकडं वेल्डिंग सेटचा पाइप तपासायचा तर हेच करतात, चावी बंद करायची आणि काटा पडतो का बघायचं, साबणाचं पाणी नंतर. काटा हलला नाही. पूर्ण युनिट पाण्याच्या टाकीत बुडवून बघितलं, बुडबुडा नाही. डाइव्हच्या आधीच्या पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह प्रेशर टेस्ट पण पास होत्या, म्हणजे पिशवीत हवा दाबून ठेवली तर कमी होत नव्हती आणि ओढून चपटी केली तर फुगत नव्हती.

मग मला वाटलं एडीव्ही चुकत असेल. एडीव्ही म्हणजे ऑटोमॅटिक डायल्यूएंट व्हॉल्व्ह, काउंटरलंग चपटी झाली आणि तुम्ही ओढ लावली की हा आपोआप उघडतो आणि डायल्यूएंट आत सोडतो. याची स्प्रिंग ढिली असली तर प्रत्येक श्वासाला थोडं थोडं सोडत राहतं. पण तसं असतं तर लूप सतत फुगला असता आणि एकाच खोलीवर असताना सुद्धा त्याला नाकातून गॅस सोडत बसावं लागलं असतं. भाचा म्हणाला, नाही, एका जागी फोटो काढत असताना सगळं एकदम शांत असायचं.

हे "एका जागी शांत" ऐकलं आणि मी म्हटलं, लॉग दाखव रे, खोलीचा ग्राफ दाखव.

ग्राफ

ग्राफ म्हणजे करवतीचे दात. आधी सरळ 30 मीटर. मग वर 12 मीटरपर्यंत. परत 30. परत 12. कारण त्या रीफवर प्रवाळाचे मोठे मोठे उंचवटे आहेत ओळीने, माथा 12 मीटरला, पाया 30 ला, आणि हा कॅमेरा घेऊन प्रत्येक उंचवट्याच्या माथ्यावर जायचा आणि पुढच्या बाजूने खाली उतरायचा. असे पूर्ण सहा झाले आणि सातव्या उताराला, 12 वरून निघून 17 ला, डायल्यूएंट संपला.

आता साधं गणित. बॉइलचा नियम, 1662 चा, शाळेत सगळ्यांनी पाठ केलेला, दाब दुप्पट तर आकारमान निम्मं. समुद्रात दर 10 मीटरला साधारण 1 बार वाढतो, वर हवेचा 1 बार आधीच आहे. म्हणजे 12 मीटरवर 2.2 बार, 30 मीटरवर 4 बार.

लूपमध्ये गॅस किती मावतो? दोन पिशव्या, नळ्या, डबा आणि त्याची स्वतःची फुप्फुसं, कारण फुप्फुसंही त्याच लूपचा भाग. मोघम 10 लिटर धरू. 12 वरून 30 ला उतरताना दाब 1.8 बार वाढला, तर लूप 10 लिटरच ठेवायचा म्हणजे 10 गुणिले 1.8, 18 लिटर डायल्यूएंट आत टाकावाच लागणार. नाही टाकला तर 10 लिटरचे साडेपाच लिटर होतात आणि श्वास येत नाही. वर येताना हेच 18 लिटर फुगतात आणि बाहेर सोडावे लागतात, नाकातून किंवा ओव्हरप्रेशर व्हॉल्व्हमधून, बुडबुडे होऊन. ते परत सिलिंडरमध्ये जात नाहीत. इथंच सगळी गोम आहे. उतरताना विकत घ्या, चढताना फेकून द्या, परत उतरताना परत विकत घ्या.

त्यात आणखी एक. पाठीवरची विंग, म्हणजे तरंगणं सांभाळायची हवेची पिशवी, ती पण त्याने डायल्यूएंटच्याच सिलिंडरला जोडलेली. रिब्रीदरवर नवा असल्यामुळे भीतीने वजन जास्त घेतलेलं, 3 किलो तरी जास्त, आणि वेटसूट खोलवर दबून पातळ होतो त्याचंही धरलं तर विंगमध्ये सतत 6 लिटर ठेवावे लागत असणार. 6 गुणिले 1.8, जवळजवळ 11 लिटर. म्हणजे एका उताराचे 18 आणि 11, 29 लिटर.

पूर्ण हिशोब मांडला तो असा. पहिल्यांदा वरून 30 मीटर जाताना लूपसाठी 30 लिटर. विंग रिकामी होती, ती 4 बारला 6 लिटर भरायला 24. खाली पोचल्यावर त्याने एकदा डायल्यूएंट फ्लश केला, म्हणजे लूपमधला गॅस काढून ताजी हवा भरून सेन्सर बरोबर वाचतात का बघणं, ही सवय चांगली आहे, पण 4 बारला 10 लिटरचा लूप धुवायचा म्हणजे 40 लिटर तरी गेले. हे झाले 94. मग सहा उतार, 29 च्या हिशोबाने 174. एकूण 268. आणि सिलिंडरमधले 300 च्या 300 काही वापरता येत नाहीत, कारण रेग्युलेटरचा पहिला टप्पा भोवतालच्या दाबापेक्षा साधारण 10 बार वर चालतो, सिलिंडर त्याच्या खाली आला की गॅस ढकललाच जात नाही. म्हणजे हातात 275 च्या आसपास. सातव्या उताराला शिल्लक 7 लिटर, मीटरला 1.6 लिटरने चार-साडेचार मीटरचा उतार. 12 अधिक साडेचार, साडेसोळा.

लॉग म्हणतो 17.

भाचा गप्पच झाला. खरं सांगू का, मोघम आकडे धरून एवढं जवळ येणं यात थोडं नशीब पण आहे, लूप 9 लिटर धरला असता तर सातव्या उताराच्या पार तळाजवळ गेलो असतो. पण मुद्दा बदलत नाही, लीकची गरजच नव्हती, सगळा गॅस उतारांनीच खाल्ला. आप्पांना मी एवढंच सांगितलं की भुसावळ रोडला गाडी जेवढं डिझेल खाते आणि कन्नडच्या घाटात जेवढं खाते त्यातला फरक आहे, फक्त इथं पैसे चढाचे नाही, उताराचे पडतात. त्यांना लगेच पटलं.

लेव्हल ट्यूबचा प्रयोग

भाच्याला मात्र एक शंका राहिली आणि ती बरोबर होती. म्हणाला, कोर्समध्ये शिकवतात की सगळ्यात मोठा फरक पहिल्या 10 मीटरला पडतो, 0 ते 10 ला आकारमान निम्मं होतं, 20 ते 30 ला तर फक्त पाव भाग कमी, मग खालचे उतार स्वस्त पडायला नको का?

गावी गेलो तेव्हा विहिरीवर करूनच बघितलं. गवंड्याची लेव्हल ट्यूब, ती पारदर्शक नळी, एक फूट कापली, एक तोंड गरम करून पकडीने दाबून बंद केलं, आत कागदाची बारीक पट्टी, पट्टीवर स्केचपेनची निळी रेघ. नळी लोखंडी सळईला तारेने बांधली, उघडं तोंड खाली, आणि दोरीला फुटाफुटाच्या गाठी मारून सोडली. यंदा पाऊस चांगला झालेला, विहिरीत चाळीस फुटाच्या वर पाणी होतं. 33 फुटांपर्यंत सोडून वर काढली तर शाई बरोबर अर्ध्या फुटापर्यंत फुटलेली, वरचा अर्धा भाग कोरडा ठणठणीत, रेघ तिथं ब्लेडने कापल्यासारखी. पोरं जमली होती त्यांनी परत परत करायला लावलं. साडेसोळा फुटांवर पट्टी एक तृतीयांशच ओली झाली, म्हणजे पहिल्या निम्म्या अंतरातच जास्त दबली, हे पण दिसलं.

तर प्रमाण बघितलं तर भाचा म्हणतो ते खरं, वरच्या थरात बदल जास्त. पण डायल्यूएंटचं बिल प्रमाणावर नाही येत, बारच्या फरकावर येतं. 10 लिटरचा लूप 1 बारवरून 2 बारला न्यायला 10 लिटर लागतात, आणि 3 वरून 4 ला न्यायला सुद्धा 10 च लिटर लागतात. दर 10 मीटर उताराला एक लूपभर गॅस, मग तो उतार कुठलाही असो. प्रमाण कामाला येतं ते वर येताना, तरंगण्यात. 10 मीटरवरून वर येताना लूप दुप्पट होतो, तिथं चूक झाली की बुचासारखा वर.

आणि स्कूबावाल्यांची एक सवय इथं अजिबात चालत नाही. ते थोडं वर-खाली श्वासावर करतात, खोल श्वास घेतला की किंचित वर, सोडला की खाली. रिब्रीदरमध्ये फुप्फुसातून निघालेला गॅस छातीवरच्या पिशवीत जातो, शरीराला लागूनच, एकूण आकारमान तेवढंच, त्यामुळे श्वासाने काहीच हलत नाही. भाचा हेच करत राहायचा, मग वर जायला विंगमध्ये फुस्स, खाली जायला विंगमधून फुस्स, आणि प्रत्येक फुस्स डाव्या सिलिंडरमधून. ते 11 लिटर मी धरलेत ते कमीच असतील कदाचित.

ऑक्सिजनच्या बाजूने ताळा

हिशोब बरोबर आहे का हे दुसऱ्या बाजूने पण बघता येतं. ऑक्सिजन 180 वरून 140, 40 बार, 80 लिटर. 48 मिनिटं, मिनिटाला 1 लिटर, शरीराने खाल्ला 48. मग वरचे 32 कुठं गेले? तेही चढउतारातच.

त्याचा सेटपॉइंट 1.3, म्हणजे मशीनला सांगितलेलं की लूपमधला पीओटू 1.3 बारवर ठेव. 30 मीटरवर 4 बारमध्ये 1.3, म्हणजे ऑक्सिजन साडेबत्तीस टक्के. आता 12 मीटरला आला, दाब 2.2, टक्केवारी तीच, तर पीओटू 0.7 च्या जरा वर. सोलेनॉइडला वाटतं अरे हा पडला, आणि तो धडाधड ऑक्सिजन टाकायला लागतो. एकीकडं लूप फुगतोय म्हणून हा नाकाने सोडतोय, दुसरीकडं मशीन आत भरतंय, आणि भरलेल्यातला काही भाग सोडलेल्यात निघून जातोय. प्रत्येक चढाला 6 ते 11 लिटर असा जातो, किती नीट सोडतो त्यावर. बेरीज 32 च्या वर जाते खरी, पण उतरताना हवेबरोबर आलेला ऑक्सिजनही शरीर खातं, तेवढा उजव्या सिलिंडरमधला वाचतो.

उतरताना उलटं. 12 मीटरला 1.3 वर बसलेला लूप, त्यात 1.8 बारची हवा भरली, हवेत 21 टक्के ऑक्सिजन, म्हणजे 0.38 वाढला, 1.68. शरीर दोन मिनिटांत थोडा खातं म्हणून तो 1.5 च्या आसपास दिसतो, आणि लॉगमध्ये प्रत्येक उताराला बरोबर तसलाच एक टोकदार सुळका आहे. सहा उतार, सहा सुळके. हे मला डायल्यूएंट संपण्यापेक्षा जास्त खटकलं. कारण डायल्यूएंट संपलेला कळतो, श्वासच येत नाही. 1.6 च्या वर गेलेलं काही जाणवत नाही, जाणवतं तेव्हा उशीर झालेला असतो. कामाच्या डाइव्हला 1.4 च्या वर जाऊ नये असा साधारण नियम आहे आणि हा पठ्ठ्या प्रत्येक उंचवट्यामागे ओलांडत होता.

याच कारणासाठी पहिल्या उताराला सेटपॉइंट 0.7 ठेवतात आणि 20 मीटरच्या पुढं 1.3 करतात. 0.7 वर निघालं आणि 30 पर्यंत हवा भरत गेलं तर 3 बार गुणिले 0.21, 0.63 आपोआप वाढतो, 1.33, सोलेनॉइडला हात लावायची गरज नाही. हे गणित इतकं छान बसतं की मला दोनदा लिहून बघावं लागलं. पण ही काळजी फक्त पहिल्या उताराला घेतात आणि मधल्या उतारांना विसरतात.

(जाता जाता, पाण्याच्या वर असताना चुकून 1.3 लावला तर काय होतं? हवेचा दाबच 1 बार, 1.3 कधीच येणार नाही, सोलेनॉइड ऑक्सिजन ओतत राहतो आणि लूप फुगत राहतो. भाचा गमतीने म्हणाला, तोरणमाळच्या यशवंत तलावात जाऊ मामा. तिथं तर हजार-अकराशे मीटर उंचीमुळे हवेचा दाब 0.9 बारच्याही खाली, पूर्ण शुद्ध ऑक्सिजन भरला तरी 0.9 चा आकडा दिसायचा नाही.)

त्या क्षणाला काय करायला हवं होतं

यावर आमची जरा खडाजंगी झाली. माझं म्हणणं, लूप सोडायची गरज नव्हती. डायल्यूएंट संपला म्हणजे फक्त खाली जाता येणार नाही. वर निघालं की आहे तोच गॅस फुगणार, 17 वरून 12 ला आला की आठ लिटरचे जवळजवळ दहा होणार, श्वास पूर्ण येणार, ऑक्सिजन भरपूर आहे, सोडा लाइम ताजा आहे. दोन मीटर वर सरकला असता तरी काम भागलं असतं.

त्याचं म्हणणं, मामा तुम्ही खुर्चीत बसून बोलताय. पाण्याखाली श्वास अर्धा आला की कारण शोधत बसायचं नाही, नळी दबली असेल, व्हॉल्व्ह अडकला असेल, लूपमध्ये पाणी शिरलं असेल, काय माहीत. शिकवलंय ते हेच, शंका आली की बेलआउट, विचार नंतर. शिवाय डायल्यूएंट गेला म्हणजे फ्लश पण गेला आणि विंग पण गेली, म्हणजे हाताशी असलेली दोन हत्यारं कमी. हे त्याचं मला पटलं. मी दुकानात बसून ज्या शांतपणे 17 आणि 12 करतोय तसं तिथं कोण करणार.

पण एक गोष्ट त्याने केली नाही आणि तिचं मला मनापासून बरं वाटलं. उजव्या हाताला ऑक्सिजनचं मॅन्युअल बटण असतं. पिशवी चपटी झाली, त्या काट्यावर 140 बार दिसतायत, माणसाचा हात आपोआप तिकडं जाऊ शकतो, भर की त्यातूनच. 12 मीटरवर 1.3 असलेला लूप डायल्यूएंटशिवाय नुसता दबत 17 ला आला तर दाबानेच 1.6 ला टेकतो. त्यात कमी पडलेली जागा शुद्ध ऑक्सिजनने भरली की 1.8. आणि त्याच ऑक्सिजनवर पुढं खाली गेला तर विचारूच नका.

मग बदललं काय

पहिलं म्हणजे लूप बारीक ठेवायचा. भाचा पिशव्या टम्म फुगवून ठेवायचा, नव्या लोकांना तसं सुरक्षित वाटतं. पूर्ण श्वास येईल एवढाच गॅस पुरतो, त्याच्या अंगाला 7 लिटर. दुसरं, जास्तीचे 3 किलो काढले की विंग 6 ऐवजी 3 लिटर. मग त्याच उताराला 12.6 आणि 5.4, 18 लिटर, आधीच्या 29 च्या जागी. म्हणजे तोच करवतीचा ग्राफ, तेच सहा उतार, तरी फ्लशसकट 170 लिटरमध्ये भागलं असतं, 150 बारमधले 65 बार शिल्लक. वर येताना आधी लूप मोकळा करायचा की विंग, यात तो गोंधळायचा, ते पण ठरवून टाकलं, आधी लूप. 30 वरून 20 ला येताना जुन्या पद्धतीत लूपच 3.3 लिटर फुगतो आणि विंग 2 लिटर, पाच किलोच्या वर उचल, एवढं एकदम सांभाळणं सोपं नाही.

तिसरं म्हणजे उंचवट्यांना वळसा घालायचा, वरून उडी नाही. सुरुवातीला खोल आणि मग हळूहळू वर, एकदाच. डीकंप्रेशनच्या (अंगात विरघळलेला नायट्रोजन वर येताना हळूहळू बाहेर काढण्याच्या) दृष्टीने पण करवतीचा प्रोफाइल वाईटच मानतात, पण सिलिंडर वाचतो हे कारण त्याला लवकर पटलं असं दिसलं. असं केलं तर तेवढ्याच वेळाला 70 लिटर पुरतात, 35 बार.

डाइव्हच्या प्लॅनमध्ये तो आता खोली आणि वेळ याच्याखाली अजून एक ओळ लिहितो, एकूण उतार. सगळे उतार मीटरमध्ये बेरीज, भागिले 10, गुणिले लूप अधिक विंग. त्या दिवशीची बेरीज 140 मीटरच्या घरात जाते, आणि दिसायला डाइव्ह मात्र 30 मीटरची. रिब्रीदरला गॅस लागतच नाही असं जे लोक छातीठोकपणे सांगतात त्यांनी ही ओळ एकदा लिहून बघावी.

एका गोष्टीवर आमचं अजून जमलेलं नाही. मी म्हणतो विंग डायल्यूएंटवरून काढ आणि तिला वेगळी छोटी बाटली लाव, श्वासाचा गॅस आणि तरंगायचा गॅस एका काट्यावर नको. तो म्हणतो अजून एक बाटली, अजून एक व्हॉल्व्ह, अजून एक नळी, विसरायला अजून एक गोष्ट, त्यापेक्षा विंग बेलआउटच्या सिलिंडरला जोडतो. मी म्हटलं बेलआउटला हात लावू नकोस, तो जीव वाचवायचा गॅस आहे. फेब्रुवारीत तो परत जातोय, तोवर 3 किलो कमी करून काय फरक पडतो ते आधी बघतो म्हणाला, आणि डायल्यूएंट 200 बारपर्यंत भरल्याशिवाय पाण्यात पाय टाकणार नाही, एवढं बहिणीने कबूल करून घेतलंय.